आशूला सांगू नका

छातीवर काहीतरी थरथरलं तेव्हा आश्लेषाला वाटलं, आपलंच काळीज आहे. इतकं चढून आल्यावर ते तसं उड्या मारतंच. अंधारात गाडी लावायची, स्कीच्या तळाला त्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे चढावर मागे घसरायला होत नाही, आणि मग डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्या माणसाच्या टाचांकडे बघत पाय ओढत राहायचं. तेही शनिवारी, स्वतःच्या हौसेने. पुढचं माणूस म्हणजे हिमानी. सिॲटलजवळच्या बॉथेलला आश्लेषाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणारी, पुण्याची, बायोटेकमध्ये नोकरी करणारी, आणि गेली कितीतरी वर्षं अशा हिवाळी पहाटे तिला अंथरुणातून उपसून डोंगरात आणणारी तिची इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. दोघी आता कड्यावर पोहोचल्या होत्या. नुकतं उजाडलं होतं. उत्तरेच्या अंगाला खाली तो मोठा खोलगट उतार पसरला होता, नॉर्थ बाऊल म्हणतात तो, आणि रात्रभर पडलेल्या बर्फात त्याच्यावर अजून कोणाचीही एक रेघ उमटलेली नव्हती. ते बघून तिला दरवेळी जे वाटतं ते वाटायला सुरुवात होणार, एवढ्यात ते परत थरथरलं. काळीज असं थांबून थांबून थरथरत नाही. फोन होता.

फोन बंद असायला हवा होता. पार्किंगमध्ये हिमानीने दोनदा बजावलं होतं, ‘एअरप्लेन मोडवर टाक गं, बीकनला त्रास होतो.’ बीकन म्हणजे छातीवर बांधायचं ते छोटं यंत्र. बर्फाचा लोट अंगावर आला आणि त्याखाली माणूस गाडला गेला, तर तो कुठे आहे हे त्याच्यावरून कळतं. फोनची लुडबुड त्याला चालत नाही. हे खरंच होतं. स्कीच्या वर्गात शिकवायला आलेल्या पोरापासून सगळे तेच सांगतात. पण हिमानीने आज ते दोनदा सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना हात पुढे केला होता, जसा काही फोन तिच्याच हातात द्यायचा होता. आश्लेषाने ‘हो गं बाई’ म्हणून नुसता स्क्रीन काळा केला आणि फोन खिशात सारला. शनिवार होता. शनिवारी सकाळी ती बाबांना व्हिडिओ कॉल करते, तिकडे त्यांची रात्रीची जेवणं व्हायच्या बेताला. आज खाली उतरल्यावर करू असं ठरवलं होतं, पण फोन पूर्ण बंद करायला हात काही धजला नव्हता.

मेसेज शोभनाकाकूंचा होता. यवतमाळच्या घराच्या शेजारच्या काकू. वर शेगावच्या महाराजांचं चित्र, त्याखाली दोन हात जोडलेले, आणि त्याखाली: ‘आशू बेटा, उद्या बाबांचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडू दे म्हणून महाराजांना साकडं घातलं आहे. नागपूरचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. तुला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नको. आम्ही सगळे आहोत.’

तिने ते वाचलं. परत वाचलं. ‘तुला येता आलं नाही’ इथे येऊन तिची नजर अडकायची आणि मागे फिरायची. कुठे येता आलं नाही? हातमोजा दातांनी ओढून तिने बाबांचं नाव दाबलं, तोवर स्क्रीनवरचा रेंजचा तो एकुलता एक दांडा विझला होता. फोन डोक्यावर धरून ती कड्यावर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे गेली. नाही. त्या डोंगराने तिला तेवढा एक निरोप दिला आणि तोंड मिटून घेतलं. मग तिने हिमानीकडे बघितलं. हिमानी गुडघ्यावर बसून आपल्या पट्ट्यांची गुंडाळी करत होती, आणि गुंडाळी केव्हाच झालेली असूनही करत होती. कुणाही माणसाने विचारलं असतं, काय झालं गं? कुणाचा मेसेज? हिमानीने मान वर न करता विचारलं, “फोन बंद नव्हता केलास?”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते आश्लेषा आजवर नुसतंच बोलत आली होती. आज ती आग कुठून निघाली आणि कुठे पोहोचली हे तिला नीट कळलं, कारण पाय बुटांत गारठून बधिर झाले होते आणि तिथूनच ती निघाली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“आशू, ऐक ना—”

“माहीत होतं की नाही? एका शब्दात सांग.”

“हो.”

बाकी सगळं मग तुकड्यातुकड्यांत बाहेर आलं, वाऱ्यात अर्धं उडत. हृदयाची झडप खराब झाली आहे. बायपासही करायचं आहे, दोन्ही एकदम. गेल्या आठवड्यात जिन्यात चक्कर येऊन पडले, केदारने नागपूरला नेलं. केदार म्हणजे तिचा धाकटा भाऊ. डॉक्टरांनी निम्मी निम्मी शक्यता सांगितली आहे. उद्या पहाटे आत नेणार. आज रात्री झोपेची गोळी देऊन लवकर झोपवणार. ऑपरेशन झालं की केदार फोन करून सगळं सांगणार होता. चांगलं झालं की, असं हिमानी म्हणाली. आणि चांगलं झालं नाही की? ते ती म्हणाली नाही.

“ईशानला?”

हिमानीने नुसती मान हलवली. म्हणजे आश्लेषाच्या नवऱ्यालाही माहीत. शनिवारी नऊच्या आधी जो माणूस कूस बदलत नाही, तो आज मिट्ट काळोखात, लेक रुही गाढ झोपलेली असताना, उठून थर्मासमध्ये चहा भरत होता, थालीपीठं फॉईलमध्ये गुंडाळत होता, दारात येऊन ‘सावकाश जा, घाई करू नका’ म्हणत होता. तिला केवढं भरून आलं होतं! गाडीत बसल्यावर ती हिमानीला म्हणालीही, बघ, चाळिशीनंतर सुधारतात पुरुष. आणि हिमानी हसली होती. हसली होती ही बाई! त्या हसण्याची आठवण येऊन आश्लेषाला वाटलं, हातातली काठी हिच्या पाठीत घालावी.

कारण हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं, आणि हिमानीला ते ठाऊक होतं. आईच्या वेळी केदारने फोन करून सांगितलं होतं, आईला जरा ताप आहे, जमलं तर येऊन जा. जमलं तर. ती निघाली. वाटेत विमानतळावर तिने आईसाठी एक मऊ शाल घेतली आणि तिला आवडणारी ती बदामाची चॉकलेटं. आपण आईला चमच्याने सूप भरवू, रागवू, गोळ्या वेळेवर देऊ, असलं सगळं ती सोळा-सतरा तास हवेत बसून रंगवत राहिली. नागपूरला बाहेर आली तर केदार टोपी घालून उभा. एप्रिल महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि जन्मात कधी टोपी न घातलेला केदार कानापर्यंत टोपी ओढून उभा. त्याने ती काढायची गरजच पडली नाही. टोपीखाली केस नाहीत हे तिला लांबूनच कळलं. आईला जाऊन तोवर दोन दिवस झाले होते. ती विमानात पण बसली नव्हती, तेव्हाच आईची राख झाली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं: तू एकटी येणार एवढ्या लांबून, वाटेत तुला काही झालं असतं तर? जणू काही बातमी ऐकून ती विमानाचं दार उघडून उडीच मारणार होती. परत आली तेव्हा सिॲटलच्या विमानतळावर घ्यायला हिमानी आली होती. गाडीत आश्लेषा रडली नाही. ती फक्त म्हणाली, पुन्हा कधी असं काही झालं, तर मला आधी सांगायचं. जगात कोणालाही कळलं तरी मला आधी. आणि हिमानीने स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिचा हात धरला होता आणि म्हणाली होती, मी सांगीन, आईशप्पथ.

“शप्पथ घेतली होतीस तू,” आश्लेषा आता म्हणाली.

“काकांनी स्वतः फोन केला मला.”

“बाबांनी? तुझा नंबर कुठून आला त्यांच्याकडे?”

“तूच दिला होतास. इमर्जन्सीसाठी.” हिमानीने हातातली गुंडाळी खाली ठेवली. “म्हणाले, शनिवारी ती व्हिडिओ कॉल करते. तिने मला हॉस्पिटलच्या पलंगावर बघायला नको. तिला कुठेतरी घेऊन जा, जिथे फोन लागत नाही. इतक्या शांतपणे बोलत होते गं... मला नाही म्हणताच आलं नाही. आणि आशू, तुझा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. तू ऐकलं असतंस तर त्याच रात्री विमान धरलं असतंस. मग परत यायला तिकडच्या वकिलातीत स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट कधी मिळणार, किती महिने तिकडे अडकणार, जॉब राहील का, रुहीची शाळा... ईशान पण हेच म्हणाला. केदार पण.”

“आणि मी काय म्हणाले?”

“अं?”

“मी. आश्लेषा. मी काय म्हणाले? सगळ्यांचं विचारलंत, केदारचं, ईशानचं. बॉथेलच्या मंडळातल्या बायकांनाही विचारायचं होतं, त्यांचं काय मत पडतं. माझा बाप, माझा जॉब, माझा स्टॅम्प. ते मी ठरवणार होते ना? अडकले असते तर अडकले असते. गेली असती नोकरी, खड्ड्यात गेली असती! काय समजून राहिली तू मला? लहान पोर आहे मी?”

वऱ्हाडी बाहेर आली म्हणजे आश्लेषाचं डोकं पुरतं सणकलंय, हे हिमानीला माहीत होतं. ती गुंडाळी उचलून पिशवीत कोंबायला लागली. तिच्या त्या साळसूदपणाचा आश्लेषाला आणखी राग आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या शांतपणे बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा. जन्मभर हा माणूस गुरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात, भर उन्हात, माणसं म्हशी घेऊन यायची, आणि हा त्यांना तोंडावर सांगायचा: वाचणार नाही, घरी न्या, जवळ बसा तिच्या. लहानपणी सुट्टीत ती दवाखान्याच्या ओट्यावर बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, आपल्या बाबांइतकं खरं कोणी बोलत नाही. परक्याच्या म्हशीबद्दल खरं बोलतात. घरच्या माणसाला मात्र डोंगरावर पाठवतात. जिथे फोन लागत नाही अशा जागी घेऊन जा! बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधावी तसं. तिला एकदम हसू फुटलं, आणि ते हसू इतकं वाईट होतं की हिमानी दचकून एक पाऊल मागे सरली.

तिकडे आता रात्र झाली असेल. वॉर्डातून जेवणाची ताटं फिरत असतील. मग ती गोळी. गोळी घेतली की संपलं. उद्या पहाटे शुद्धीत असतील-नसतील, आणि त्यानंतरचं तर कुणी सांगितलंय. म्हणजे बाबांशी बोलायचं असेल तर आत्ता, ते झोपायच्या आत. आणि फोनला रेंज होती ती थेट खाली पार्किंगमध्ये. हे एवढं डोक्यात लख्ख झाल्यावर ती खाली वाकली आणि बुटांचे खटके आवळायला लागली.

“नॉर्थ बाऊलने उतरू,” ती म्हणाली.

“नको गं. आल्या वाटेने जाऊ. तू रागात आहेस.”

“त्या वाटेने दुप्पट वेळ लागतो.”

“उतार खूप खडा आहे, खाली झाडी पण—”

“तू नाही म्हणतेयस का?” आश्लेषा सरळ उभी राहिली. दोघींचा एकच पक्का नियम होता, आणि तो त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. एक नाही म्हणाली की दोघी नाही. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, चिडवायचं नाही. “म्हण. तुला अजून तेवढा हक्क आहे. नाही म्हण, आपण आल्या वाटेने जाऊ, आणि तोवर बाबा झोपलेले असतील. म्हण ना.”

हिमानीने खालच्या उताराकडे बघितलं. मग आश्लेषाकडे. तिला नाही म्हणायचं होतं. ते तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? आपल्या माणसाचं एकदा चुकलं की त्याच्याच्याने मग कशालाच नाही म्हणवत नाही. जे मागाल ते देऊन मोकळा होतो, जीव मागितला तरी. “चल,” ती म्हणाली.

ही चूक होती, आणि ती दोघींची मिळून होती. पण हे त्या वेळी आश्लेषाला सांगायला गेलं असतं, तर तिने सांगणाऱ्याच्या कानाखाली काढली असती.

कड्याच्या टोकावर उभं राहिल्यावर भीती वाटते ती नेहमीची. आज त्यात आणखी एक भर पडली. चढताना मध्येच थांबून हिमानीने फावड्याने बर्फ खणून बघितला होता, थरांवर हाताने थापटून बघितलं होतं, आणि म्हणाली होती, घट्ट आहे, छान बसलाय. आश्लेषाने स्वतः खड्ड्यात डोकावलं पण नव्हतं. हिमानी म्हणाली ना, मग झालं. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. आता त्या ‘छान बसलाय’चं काय करायचं? ज्या तोंडाने ते सांगितलं, त्याच तोंडाने पार्किंगमध्ये बीकनचं कारण सांगून तिचा फोन बंद करायला लावला होता. नियम खरा, कारण खरं, आणि तरी आतून सगळं खोटं. इथे डोंगरात माणूस दुसऱ्याच्या शब्दावर पाय ठेवतो. एकजण उतरतो, दुसरा वरून त्याच्यावर नजर ठेवून उभा राहतो, आणि लोट आला तर कुठे गाडला गेला हे त्या दुसऱ्याच्याच डोळ्यांत असतं. ते डोळे आता हिचे. दुसरे कोणाचे आणायचे? तिने मागे न बघता काठ्या मारल्या आणि स्वतःला खाली सोडून दिलं.

आणि आश्चर्य म्हणजे ती अशी कधीच उतरली नव्हती. नेहमी ती भीत भीत, मागे रेलून, वळणावर वळण घेत उतरायची, आणि हिमानी खालून ओरडायची, पुढे वाक गं, पुढे! आज राग तिला आपोआप पुढे वाकवत होता. गुडघ्यापर्यंतचा कोरडा बर्फ दोन्ही बाजूंनी उसळून छातीवर येत होता, तोंडात जात होता, त्याची थंड धूळ दातांवर लागत होती. प्रत्येक वळणाला ती एकेकाला शिव्या घालत होती. हे केदारला. हे ईशानला आणि त्याच्या थालीपिठांना. हे त्या मऊ शालीला, जी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच कपाटात पडलीय. उताराने एकदा तिला असा वेग दिला की श्वास वरच राहिला. आणि त्या क्षणी, देवा, तिला मजा आली. निखळ, लहान पोरासारखी मजा. बाबा तिकडे पलंगावर आणि आपल्याला मजा येतेय! तिने स्वतःलाही एक शिवी हासडली. खालच्या मोठ्या खडकापाशी ती थांबली, मांड्या पेटल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते वाऱ्याचंच होतं. तिने वर काठी हलवली. म्हणजे मी पोहोचले, तू ये. नियम होता म्हणून हलवली.

हिमानी आली, पण कशी तरीच आली. नेहमीची ती डौलदार, सहज उतरणारी हिमानी आज दोनदा अडखळली. खडकापाशी येऊन उभी राहिली तेव्हा गॉगल काढून ती आतून पुसत होती. आश्लेषाने बघितलं आणि बघितलं नाही. “आता झाडीतून. एकमेकींना हाका मारत,” हिमानी म्हणाली. आश्लेषा लगेच पुढे निघाली.

झाडी म्हणजे उंच, काळसर हिरवी सूचिपर्णी झाडं, फांद्यांवर बर्फाची ओझी घेतलेली. त्यांच्यामधून वाट काढताना डोकं जागेवर ठेवावं लागतं. बुंध्याच्या भोवती फांद्यांच्या आडोशाने बर्फ भुसभुशीत आणि पोकळ राहतो, विहिरीसारखा. त्यात डोक्यावर पडला तर धडधाकट माणूस आपल्या हाताने बाहेर येत नाही, गुदमरतो. म्हणून हाका मारायच्या. हिमानी मागून ‘ओ’ देत होती. आश्लेषा मुद्दाम देत नव्हती. तिला त्या आवाजापासून लांब जायचं होतं. ओढ्याच्या काठापर्यंत ती एका दमात आली, आणि तिथून खाली झाडांच्या फटीतून तिला रस्ता दिसला, पार्किंग दिसलं, बर्फाने झाकलेली गाड्यांची टपं दिसली. पाच-दहा मिनिटं फार तर. तिने खिशावर हात ठेवला. आणि मग लक्षात आलं की बराच वेळ मागून ‘ओ’ आलेली नाही.

“हिमानी!”

फांदीवरून बर्फ घसरून पडल्याचा धप्प आवाज आला. बाकी काही नाही. आली असेल दुसरीकडून खाली. थांबली असेल रडत. येईल. आश्लेषाने रस्त्याकडे बघितलं. तिकडे कुणी परिचारिका हातात छोटा पेला घेऊन वॉर्डात शिरत असेल. घ्या काका, आता झोपा. “हिमानी! ओ दे गं!” नाही. मग आश्लेषाच्या तोंडून एक अशी सणसणीत शिवी निघाली, जी यवतमाळ सोडल्यापासून तिने उच्चारली नव्हती. ती वर चढायला लागली. आडव्या स्कीवर, एकेक पाऊल, मांडीपर्यंत रुतत. ‘नेमकं आजच,’ ती मोठ्याने म्हणत होती, ‘नेमकं आजच सुचलं हिला. सगळ्यांनी मिळून ठरवलंय का, आज मी बापाशी बोलायचं नाही म्हणून?’ बीकन काढायची वेळ आली नाही. एका जाड बुंध्याशी बर्फातून एक स्की वर आलेली होती, आणि तिला लागलेला बूट हलत होता. अजून हलत होता.

किती वेळ ती खणत होती हे तिला नंतर सांगता आलं नाही. फावडं, मग हात, मग परत फावडं. पाठीला, मग खांद्याला, मग हेल्मेटला वाट करून दिली, तोंडासमोरचा बर्फ बोटांनी ओरबाडून काढला. सगळा वेळ ती बोलत होती. “मरायचं नाही हां. सांगून ठेवते. मला भांडायचंय तुझ्याशी. असं अर्ध्यावर सोडून जायचं नाही. तू पण नाही.” हिमानीचा चेहरा निळसर पांढरा बाहेर आला, खोकला, तोंडातून बर्फ थुंकला, आणि तिने एक लांबलचक श्वास आत ओढला. तो ऐकल्यावर आश्लेषाने फावडं खाली टाकलं. ती तशीच बर्फात बसली.

“दिसतच नव्हतं,” हिमानी धापा टाकत म्हणाली. “गॉगल... आतून धुकं. सॉरी, आशू. सॉरी.”

“रडत रडत स्कीइंग करतात का, बावळट?” आश्लेषा ओरडली. “नाही म्हणायला काय झालं होतं तुला वर? नियम कशाला केलाय मग? बाबांना नाही म्हणता आलं नाही, मग मलाही नाही म्हणता आलं नाही! कधी बोलणार तू खरं? मेल्यावर?”

हिमानी रडायला लागली. आश्लेषाने तिला जवळ घेतलं नाही. तिचे हातमोजे झटकले, ओठांना रंग येतोय का बघितलं, हाताची बोटं हलव म्हणाली, पायाची हलव म्हणाली. स्की लावून दिली. मग म्हणाली, “पुढे हो. माझ्या डोळ्यांसमोर.” आणि खाली येईपर्यंत तिने त्या लाल जॅकेटवरून नजर काढली नाही. राग तसूभर कमी झालेला नव्हता. फक्त तिच्यावरून नजर हलवायची नाही एवढंच तिला कळत होतं.

पार्किंगमध्ये लोक नुकते येत होते, मुलं बुटांवरून भांडत होती, कुणाच्या तरी गाडीत गाणी लागली होती. आश्लेषा गाड्यांच्या मागे बर्फाच्या ढिगाऱ्यापाशी गेली आणि स्की न काढताच फोन लावला. बोटं वळत नव्हती. रिंग जात होती. जात होती. गेली. आता बंद होणार, असं वाटलं तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

“काय गं, आज उशीर केलास! मला वाटलं विसरली पोरगी. कॅमेरा लावू नको हां, माझ्या फोनचा बिघडला आहे. जेवण झालं, मजेत आहे. रुही काय म्हणते?”

मागे कुठेतरी टिक् टिक् वाजत होतं, आणि लांबवर कुणाचं तरी नाव पुकारत होते. वर कड्यापासून तिने मनात जे जे रचून आणलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य बाहेर पडलं.

“बाबा, मला सगळं कळलंय.”

मग बाबा हळूच म्हणाले, “कोणी सांगितलं?”

आणि तिने त्यांना झोडपलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या बापावर ओरडली, अनोळखी माणसं वळून बघत असताना, भर पार्किंगमध्ये. तुम्ही कोण ठरवणारे मी येणार की नाही. आईचं तोंड बघू दिलं नाहीत, आता तुमचंही नाही का. माझ्या मैत्रिणीला खोटं बोलायला लावलंत. ती आज मरणार होती, माहीत आहे? मी काय काचेची आहे? मला सांगायचं नाही, मग पोरगी कशाला म्हणता मला? ती बोलत राहिली आणि बाबा ऐकत राहिले. शेवटी तिचा दम संपला.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“नाही झालं. दम खाऊन राहिले.”

“खा.” त्यांचा श्वास ऐकू येत होता, आखूड, घाई करणारा. मग जो आवाज आला तो तिने कधीच ऐकलेला नव्हता. “आशू, मला फार भीती वाटून राहिली गं. केदारसमोर बोललो तर तो रडते. डॉक्टर नुसतं हसते, पाठीवर थाप मारते. जो येतो भेटायला त्याला मीच धीर देऊन राहिलो. म्हटलं, तुला पण द्यावा लागेल. ते काही झालं नसतं माझ्याच्याने. म्हणून सांगू नका म्हटलं.”

आश्लेषा बर्फाच्या ढिगाऱ्याला टेकली. धीराचं एखादं वाक्य शोधायला गेली, आणि तिला कळलं की ते शोधायचंच नाहीये.

“मला नका देऊ धीर,” ती म्हणाली. “तुम्ही घाबरा. मी आहे फोनवर.”

तिकडे कुणाची तरी पावलं जवळ आली, पेला ठेवल्याचा आवाज झाला. “ठेवा सिस्टर तिथेच,” बाबा म्हणाले. “घेतो थोड्या वेळाने. पोरीशी बोलायचं आहे मला.” मग खाट करकरली, त्यांनी फोन कानाच्या आणखी जवळ घेतला असावा, आणि ते बोलायला लागले.